विषय: बाबांच्या चष्म्याचा नंबर मोबाइलवर काढावा का?

स्नेहल, डॅलस:
नमस्कार मंडळी. आमचे बाबा परभणीला असतात. वय 72, साखर आहे. हल्ली ते चष्म्याशिवाय पेपर वाचतात, आई येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगते. लांबचं मात्र दिसेना झालंय, एसटीची पाटी वाचायला दुसऱ्याला विचारतात. व्हिडिओ कॉलवर ऑनलाइन चाचणी करून नवा चष्मा पाठवावा म्हणते. कोणी केलंय का?

अमोल, न्यू जर्सी:
मी केलंय, चष्मा एकदम बरोबर आला. दवाखान्यात गेलं की तपासणी राहते बाजूला, महागडी फ्रेम गळ्यात मारतात. बिनधास्त कर.

वैशाली, ऑस्टिन (माहेर जालना):
अमोल, फ्रेमचं तुझं खरंय. पण स्नेहल, घाई करू नकोस. मी ऑप्टोमेट्रीतच, म्हणजे नजर तपासून नंबर काढण्याचंच काम करते. इथे एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2022 मध्ये अशा एका चाचणीला मान्यता दिली, ती 22 ते 40 वयाच्या लोकांसाठी. काका त्यात कुठे बसतात?

मला खटकलं ते पेपरचं. भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदू धरला की उणे नंबर वाढतो. मग लांबचं जातं आणि जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. घरच्यांना वाटतं, नजर परत आली. साखर वरखाली झाली तरी नंबर हलतो; तेव्हा केलेला चष्मा साखर आटोक्यात आली की कुचकामी. स्क्रीनवरची अक्षरं यातलं काय झालंय ते सांगत नाहीत.

आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचं काय? मधुमेहात तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पण मधला भाग शाबूत असेतो माणूस शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचतो. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, आणि सहसा दुखतखुपत काही नाही. म्हणून टाइप 2 मधुमेहवाल्यांनी निदान झालं तेव्हापासून साधारण दरवर्षी थेंब टाकून पडदा बघून घ्यायचा. डोळ्याचा दाबही तेव्हाच मोजून होतो.

जालन्याला गणपती नेत्रालय आहे, परभणीहून थेट रेल्वे आहे. जुना चष्मा, साखरेचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी बरोबर द्या. थेंबांनी बाहुली मोठी होते, चार-सहा तास धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. काळा चष्मा न्या आणि एकट्याला धाडू नका.

स्नेहल:
ताई, कौतुकाचं ऐकून आम्ही सगळे खूशच होतो! मामेभाऊ सेलूला असतो, तो वाटेत गाडीत चढेल. बाबा म्हणतील, पेपर वाचतोय की मी, डोळ्याला काय झालंय?

वैशाली:
म्हणू देत. एक डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांग, मग दुसरा झाकून. स्वतःच तयार होतील.

अमोल:
ताई, मला परवा 43 लागलं. म्हणजे मीपण?

वैशाली:
तूपण. घरात कुणाला काचबिंदू आहे का ते आईला विचार, मग वेळ घे. फ्रेम नको म्हणून सांगायचं आणि नंबरचा कागद मागून घ्यायचा. तपासणाऱ्यानं तो द्यावाच, असा इथे नियम आहे.