अनुभव धागा: सर्किट डायग्राम काढायला कोणतं मोफत सॉफ्टवेअर वापरता?

भाचा यंदा डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्सला गेलाय, त्याच्यासाठी विचारतेय. लॅपटॉप जुना आहे आणि खर्च करायचा नाहीये. नुसती नावं नकोत, ती शोधली की सापडतात. तुम्ही काय काढायला बसला होतात, कुठे अडलात आणि शेवटी कशावर टिकलात, ते सविस्तर लिहा.

मिलीअँपिअर:
माझं मत कीकॅडला. ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं, २०१३ पासून सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेनेही त्यात भर घातली. पूर्ण खुलं आहे, म्हणजे सोर्स कोड कोणालाही बघता-बदलता येतो, आणि बोर्डाच्या आकारावर बंधन नाही. पण पहिल्याच दिवशी सगळं जमेल असं भाच्याला सांगू नका.

पहिला धक्का रेझिस्टरचा. आपल्या पुस्तकांत नागमोडी रेषा असते, तर इथे 'आर' टाकला की आयताकृती डबी येते. नागमोडी हवा असेल तर 'आर यूएस' शोधायचा. दुसरा धक्का ५५५ या टायमर चिपचा. चिन्हावरच्या पिना चिपवर असतात त्या क्रमाने नसतात, कामाप्रमाणे मांडलेल्या असतात. ब्रेडबोर्डवर (तारा खोचून सर्किट जुळवायच्या भोकांच्या फळीवर) बघून चित्र काढणारा इथे हमखास गोंधळतो, पण सवय झाली की हीच मांडणी वाचायला सोपी वाटते.

आणि मग ईआरसी, म्हणजे जोडणीची तपासणी. सप्लाय कनेक्टरवरून घेतला की ती तक्रार करते की पॉवर पिनला पॉवर कुठूनच येत नाही. सर्किट बरोबरच असतं. कनेक्टरच्या पिना पॅसिव्ह, म्हणजे स्वतः पॉवर न देणाऱ्या, धरलेल्या असल्याने सॉफ्टवेअरला ते कळत नाही, एवढंच. त्या तारेला आणि ग्राउंडलाही पॉवर फ्लॅग, म्हणजे 'इथे पॉवर येते' असं सांगणारं चिन्ह, लावायचा. नवशिके इथे वैतागून सॉफ्टवेअरच काढून टाकतात.

धूरनिघाला:
कागद आणि पेन्सिल. मोफत आहे आणि हँग होत नाही.

पाचशेपंचावन्न:
धूरनिघाला, नाव सार्थ करताय! 😀
मी शाळेतल्या मुलांना शिकवते, आमच्याकडे फ्रिट्झिंग. जर्मनीत पॉट्सडॅमच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात जन्मलेलं. ब्रेडबोर्ड, तारा, एलईडी जसे दिसतात तसेच पडद्यावर दिसतात, त्यामुळे सातवीतलं पोरही बघून जोडणी करतं. सोर्स कोड खुला आहे, तयार इन्स्टॉलरसाठी मात्र साइटवर थोडे पैसे मागतात. पण खरं सांगू? डिप्लोमाच्या मुलाला मी हे देणार नाही. ब्रेडबोर्डचं चित्र म्हणजे सर्किट डायग्राम नव्हे. त्यातल्या स्किमॅटिकच्या, म्हणजे सर्किट डायग्रामच्या, खिडकीत तारा आपोआप कशाही येतात, त्या हाताने विंचराव्या लागतात. जर्नलमध्ये तसं काही लावलं तर सर परत करतील.

उलटाडायोड:
आधी एक ठरवा, चित्र फक्त दाखवायचंय, चालवून बघायचंय, की त्याचा पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड, करायचाय? तिन्हींची उत्तरं वेगळी.

चालवून बघायला फॉलस्टॅडचं सिम्युलेटर. ब्राउझरमध्ये उघडतं, काही बसवायला लागत नाही, तारेतून करंट वाहताना ठिपके पळतात. कपॅसिटर भरतो म्हणजे काय होतं हे मला त्या ठिपक्यांनी जितकं समजलं तितकं कुठल्याच सूत्राने नाही. पुढे एलटीस्पाइस, हेही सिम्युलेटरच. ते मोफत आहे, पण खुलं नाही. हा फरक भाच्याला आत्ताच सांगून ठेवा.

आणि आपल्या घरचं विसरू नका. आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं ईसिम. चित्र कीकॅडमध्ये काढायचं, सिम्युलेशन एनजीस्पाइस करतं, वर सगळ्याला एक आवरण. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे ऐकत ऐकत शिकता येतं.

तांब्याचीवाट:
माझी सुरुवात ईगल या पीसीबीच्या सॉफ्टवेअरवर झाली. मोफत आवृत्तीत ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड, दोन लेयर आणि स्किमॅटिकची दोन पानं, एवढंच. छंदापुरतं पुरत होतं. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्क कंपनीकडे गेलं आणि पुढे ७ जून २०२६ ही ते बंद होण्याची तारीख जाहीर झाली. नव्याने शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. जुनी ईगलची कामं कीकॅडमध्ये आयात होतात, माझी बहुतेक तशीच आली.

लॅमिंग्टनकर:
ईझीईडीएबद्दल कोणीच बोललं नाही? ब्राउझरमध्ये चालतं, शिकायला कीकॅडपेक्षा सोपं, जुन्या लॅपटॉपलाही जड नाही. खुलं नाही, आणि ब्राउझरात वापरायचं तर नेट लागतं. माझी अडचण वेगळीच आहे. त्यातले पार्ट एका चिनी विक्रेत्याच्या साठ्याशी जोडलेले असतात, त्यामुळे शोधात बारीक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाग द्यायच्या) पार्टचा पूर येतो. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन "बीसी ५४७ द्या" म्हणत साधा ट्रान्झिस्टर घेणारा माणूस. लांब पायांचे साधे पार्ट निवडून घ्यावे लागतात. पुण्यात पासोड्या विठोबापाशी खरेदी करणाऱ्यांनाही हेच लागू.

प्रश्नपत्रिका:
मी फक्त परीक्षेच्या पेपरसाठी आकृत्या काढतो, पीसीबीशी संबंध नाही. लेटेक या मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमधलं सर्किटिक्झ. माउसने ओढत बसायचं नाही, सर्किट शब्दांत लिहायचं. पुस्तकासारखी सुबक आकृती येते. लेटेक येत नसेल तर या फंदात पडू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! फॉलस्टॅड लगेच उघडून दिलं, पठ्ठ्या जेवायला उठेना. कीकॅडही बसवलंय. लॅपटॉपवर उबंटू आहे, ३डी मॉडेलचं पॅकेज वेगळं असतं, ते वगळलं म्हणून बरीच जागा वाचली. आता त्याचा प्रश्न: एलएम३५८ ही ऑप-अँपची (सिग्नल वाढवणारी) चिप टाकली तर त्रिकोण आला, पण सप्लायच्या पिनाच नाहीत. कुठे गेल्या?

मिलीअँपिअर:
त्या चिपमध्ये दोन ऑप-अँप असतात, म्हणून चिन्हाचे तीन भाग केलेत. ए आणि बी हे त्रिकोण, सी म्हणजे सप्लायच्या पिना ४ आणि ८. चिन्ह निवडायच्या खिडकीत एलएम३५८च्या शेजारचा बाण उघडला की तिन्ही भाग दिसतील, सी घेऊन कुठेही कोपऱ्यात ठेवा. बी वापरत नसाल तरी तोही ठेवा, त्याचं आउटपुट उलट्या (−) इनपुटला जोडा आणि सुलटं (+) इनपुट ग्राउंडला. दोन सप्लाय असतील तर तेवढं पुरे. एकच सप्लाय असेल तर सुलटं इनपुट दोन रेझिस्टर लावून अर्ध्या व्होल्टेजवर ठेवलेलं बरं.