सल्ला हवा: जिनिंगच्या वजनकाट्याचं मॉडेल सीसीएसमध्ये करू की पाय-कॅल्क्युलसमध्ये (दोन्ही एकाच वेळी चालणाऱ्या गोष्टींचं वागणं लिहायच्या गणिती भाषा)?

पांढरकवडा_जिनिंग
भरली गाडी काट्यावर, मग ग्रेडरकडे (कापसाची प्रत ठरवणारा), कापूस खाली, रिकामी परत काट्यावर. गाडी, काटा, ग्रेडर हे प्रोग्रॅममधले ऑब्जेक्ट एकाच वेळी चालतात. चाचणीत एकीचं वजन दुसरीच्या पावतीवर चढतं, आणि मधेच सगळं ठप्प होतं. कोणतं कॅल्क्युलस, कोणतं टूल? नेटचा भरवसा नाही.

वऱ्हाडी_समांतर
पाय-कॅल्क्युलस घ्या भाऊ. मिल्नरच्या सीसीएसमध्ये (१९८०) चॅनेलचं (निरोपाच्या वाटेचं) नाव निरोपातून धाडता येत नाही. मिल्नर, पॅरो, वॉकर यांच्या पाय-कॅल्क्युलसमध्ये (१९९२) येतं. तुमच्या गाड्या उत्तरासाठी एकाच चॅनेलवर उभ्या असणार, जिने आधी उचललं तिचं वजन. दर गाडीला खासगी चॅनेल र द्या (क हा काट्याचा सामाईक चॅनेल; क⟨ ⟩ म्हणजे त्यावर पाठवणं, क( ) म्हणजे घेणं):

गाडी = (नवा र) क⟨र⟩ . र(वजन) . …
काटा = क(र) . र⟨वजन⟩ . काटा

काट्यापुढे ! लावू नका. त्याने हव्या तितक्या प्रती होतात, अन् काटा तर एकच आहे.

डेडलॉक_दर्यापूर
ठप्प होण्याचं कारण वेगळं. काटा भरली गाडी ग्रेडरला द्यायला थांबलाय, ग्रेडर रिकामी काट्याला द्यायला. दोघंही देणारे, घेणारं कोणी नाही.

पांढरकवडा_जिनिंग
मधात ५ गाड्यांचं बफर (थांबायची जागा) टाकलं तर?

डेडलॉक_दर्यापूर
तरी अडकेलच, फक्त उशिरा: ५ बफरात, १ ग्रेडरकडे, १ काट्यावर. म्हणजे ७ गाड्या लागतात, अन् ३ गाड्यांच्या चाचणीत सगळं छान दिसतं! आवारात शिरायला परवाना ठेवा, रिकामं वजन झालं की परत. परवाने बफरपेक्षा फार तर एकाने जास्त, इथे ६. परवाना गाडीने फाटकावरच घ्यावा. काट्याने घेतला आणि तो भरल्या गाडीची वाट पाहत बसला, तर रिकामी तिथेच अडकेल.

वऱ्हाडी_समांतर
बरोबर. टूल म्हणाल तर एमसीआरएल-२ (mCRL2, अशी मॉडेलं तपासायचं सॉफ्टवेअर). एकदा इन्स्टॉलर उतरवला की नेट लागत नाही. त्यात चॅनेल धाडता येत नाही, म्हणून गाडीचा क्रमांक डेटा म्हणून पाठवा. बफर १ आणि गाड्या ३ एवढ्यावरच सुरू करा. गाडीच्या ४ अवस्था धरल्या तर १० गाड्यांना अवस्थांच्या कमाल १०,४८,५७६ जुळण्या होतात.

डेडलॉक_दर्यापूर
अन् नुसते ट्रेस (घटनांचे क्रम) जुळले म्हणून थांबू नका, त्यात डेडलॉक (सगळं ठप्प होणं) दिसत नाही. दुर्बल बायसिम्युलेशनला (आतल्या पायऱ्या न मोजता दोन मॉडेलं पावलागणिक जुळवणाऱ्या तपासणीला) आतल्या आत फिरणारं चक्र दिसत नाही, ते वेगळं तपासा.