हरवलेले भाऊबंद कसे सापडले? सीमाभागातले अनुभव

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले आणि तोवर बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला. लग्नाच्या गाठी मात्र आधीच पडलेल्या होत्या. त्यामुळे आपल्याकडे ‘पलीकडचे’ नातेवाईक नाहीत असं घर विरळा. अनुभव लिहा, पण शिवकाळापर्यंतची वंशावळ नको. आज हयात असलेली माणसं कशी सापडली ते हवं. त्यांची नावं मात्र लिहू नका.

खानापूर तालुका
आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची पत्रं बंद झाली. परळचा पत्ता होता, तिथे आता टॉवर. धागा सापडला गावातच. आमच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची संगमरवरी पाटी आहे, त्यात खाली ‘मुंबईकर मंडळी’ असा वेगळा रकाना. अक्षरांतला काळा रंग उडालाय, बोट फिरवून वाचावं लागलं. आजोबांच्या नावाखाली त्यांचं नाव, रक्कम एकवीस रुपये. त्याच रकान्यातल्या दुसऱ्या एका घराचा नातू अजून यात्रेला येतो. तो म्हणाला, “तुमचे काका आमच्याच गाळ्यात राहायचे की! त्यांची पोरं नालासोपाऱ्याला हायत.” त्याच्या मोबाइलमध्ये नंबरही होता. तेव्हा ऑनलाइन शोधाशोध करण्याआधी देवळाची पाटी, भजनी मंडळाचा पेटीवाला आणि यात्रेची वर्गणीवही बघा.

अथणीकडून
आमच्याकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या वहीत जपणारी माणसं, येतात. सुगी झाली की येणार, ओट्यावर बसून पिढ्या म्हणणार, धान्य-कापड घेऊन जाणार. लहानपणी बैलावर यायचे, हल्ली मोटारसायकल असते. घरातली तरुण पोरं त्यांना भिक्षेकरी समजून कटवतात, याचा मला राग येतो. आम्ही गेल्या खेपेला मुद्दाम बसवून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, पणजोबांचा एक भाऊ दुष्काळात घर सोडून गेला म्हणतात, त्याचं काय? त्यांनी वही उघडायच्या आधीच सांगितलं, जत तालुक्यात आहेत, थोरल्या नातवाच्या घरी गेल्या साली मुलगी झाली, तिचं नाव मीच वहीत घातलंय. आम्ही ज्यांना मेलेल्यांत धरून चाललो होतो त्यांच्या घरी हा माणूस दरवेळी जेवून येत होता! सरकारी कागद नाव कमी झालं एवढंच सांगतो. हेळव्याला दोन्ही घरं माहीत असतात, कारण त्याचं पोट दोन्ही घरांवर आहे. मग मंगसुळीच्या खंडोबाला दोन्ही घरं एकत्र गेलो, कुलदैवत एकच निघालं.

बेळगाव, शहापूर
कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. नुसता चालू उतारा काढून उपयोग नाही, त्यावर आजचा खातेदार असतो. जुने फेरफार मागा. वारसनोंदीच्या फेरफारात मयताची मुलं तर येतातच, बऱ्याचदा मुलीही येतात. बाईच्या नावापुढे ‘कोम’ लागून नवऱ्याचं नाव आलं की आत्याच्या सासरचा माग लागतो. आडनावावर विसंबू नका. एक भाऊ पाटील लावतो, दुसरा गाव सोडून गेला तर सुळगेकर होतो आणि कन्नड नोंदीत दोघांचंही आडनाव गळून नुसतं ‘परशराम बिन भरमा’, म्हणजे भरमाचा मुलगा परशराम, एवढंच उरतं. फार जुने कागद मोडीत आहेत, वाचणारा लागतो. आणि शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, त्यामुळे आमच्यासारख्यांनी संस्थानी दप्तराचाही विचार ठेवावा.

खानापूर, माजी सैनिक
आमच्या घरातला एक जण पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेला, परत आला नाही. बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदीत त्याचं नाव आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी ऑनलाइन मोफत बघता येतात. काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकाही असतो. इंग्रजांनी गावाचं नाव कानाला आलं तसं लिहिलंय, मोठ्यांदा वाचलं की कळतं. त्यातलं गाव आमचं नव्हतंच, त्याच्या आजोळचं निघालं. तिथे त्याच्या बहिणीचे पणतू भेटले.

डीएनए चाचणीबद्दल, थोडक्यात
केली. दूरचा एक चुलत अमेरिकेत निघाला, त्यालाही गाव माहीत नाही. आपल्याकडची माणसं चाचणी करत नाहीत तोवर पैसे वाया.

बेळगाव तालुका
आजीचं माहेर चंदगड तालुक्यात. ती गेल्यावर ये-जा थांबली. गाव शोधणं सोपं होतं, दारात उभं राहणं अवघड. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क आला, तेव्हापासून माहेरच्या दारात जुनं नातं सांगत कुणी आलं की आधी जमीन आठवते. मामेआजोबांनी बसा म्हणण्याआधी विचारलं, “वाटणीचं काय काढलंयस काय गे?” त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मी एकटी गेले नव्हते, त्याच गावात दिलेली आमच्या गल्लीतली एक मावशी बरोबर होती. तिने आजीचा लग्नातला फोटो पुढे केला. फोटोत पाटाशेजारी उघडाबंब पोरगा उभा आहे. म्हातारा बराच वेळ बघत राहिला, मग आत हाक मारली, “ह्यो मीच न्हवं काय!” त्यानंतर वाटणी निघाली ती फणसाची. कुणाच्याही घरी पहिल्या भेटीला कागदांची फाइल नेऊ नका, फोटो न्या.

नाव नको
सापडले. फोनवर नीट बोलले, पण भेटायचं नाही म्हणाले. आजीला घरातून का जावं लागलं ते त्यांना माहीत असावं. मी पुन्हा फोन केला नाही.

निपाणी
माझा शोध चालूच आहे. आईची मावशी इथल्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती, दोन मुलगे मराठी शाळेत होते, मग सगळे कुठेतरी गेले. उतारा नाही, घर भाड्याचं. कुठून सुरुवात करू?

↳ निवृत्त शिक्षक, चिकोडी तालुका
ताई, शाळेचं जनरल रजिस्टर बघा. जन्मगाव, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण त्यात असतं. कारणात ‘परगावी गेले’ असलं तर गाव कोणतं तेही कधीकधी लिहिलेलं असतं. मुख्याध्यापकांना आधी अर्ज द्या आणि जूनमध्ये जाऊ नका, प्रवेशाच्या गडबडीत कुणी कपाट उघडणार नाही.