कोकणात घरं शाकारायला यावं का?

भटका: ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडची घरं उघडी पडलीत. पुण्याहून आम्ही काही मित्र येऊ म्हणतोय. सुतारकाम कुणालाच येत नाही. उपयोग होईल, की उगाच लुडबुड?

सुपारीवाला: या की! फक्त ते कपड्यांचे टेम्पो थांबवा हो, आमच्या पडवीत जुन्या साड्यांचा ढीग पडलाय. हवेत पत्रे, ते आवळायचे जे-हुक, ताडपत्री. मंगलोरी कौलं मिळेनात. मिळाली तर चढवणारा मिळेना. छपराचं लाकूड, म्हणजे वासे-रिपा, सुतार बघेल, तुम्ही खाली रांग लावून कौलं हातोहात वर द्या. वर चढलातच तर पाय वाशाच्या रेषेत. शेजारचा पोरगा मधे पाय देऊन थेट माजघरात उतरला! वाडीतल्या मोडक्या पोफळी (सुपारीची झाडं) ओढायलाही माणसं लागतातच.

कोयता: लाईट नाहीये. पेट्रोलवरची करवत असेल तर आणा, पेट्रोलसकट.

भटका: राहायचं कुठे?

सुपारीवाला: कोरोनामुळे गावकीला आधी विचारतो. प्रवासाचा ई-पास मात्र काढा. जेवण आमच्याकडे, शिधा तुमचा. आणि सेल्फी काढणारा भिडू घरीच ठेवा.