वार (प्लासेंटा) खाली आहे, आधीचं सिझर आहे, डिलिव्हरी कुठे करावी?

घणसोलीकर: बायकोला ३२वा आठवडा चालू आहे, पहिलं सिझर. परवाच्या सोनोग्राफीत वार खालीच आहे आणि जुन्या टाक्यांवर आलीये असं निघालं. पहिल्या वेळचं नर्सिंग होम घरापासून पाच मिनिटांवर, डॉक्टर ओळखीच्या, पण त्याच म्हणतायत की मोठ्या हॉस्पिटलला नाव घाला. सासूबाई म्हणतात उगाच घाबरवतात. नक्की कुठलं बघायचं?

वाशीची_मावशी: डॉक्टर स्वतःहून पाठवतायत ना, मग ऐका हो त्यांचं! बिल सोडून पेशंट पुढे पाठवणारी माणसं आजकाल मिळतात कुठे.

सिस्टर_कळवा: लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते. वार जुन्या टाक्यांवर असली की कधीकधी ती गर्भाशयात रुतून बसते, सुटत नाही, आणि मग जे ब्लीडिंग होतं ते बाटलीभर रक्ताने भागत नाही, गर्भपिशवी काढायचीही वेळ येते. आधी कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या, शंका आली तर एमआरआय सांगतील. आणि हॉस्पिटल चांगलं का असं विचारत बसू नका, सगळेच हो म्हणतात. रात्री दोनला भूलतज्ज्ञ आत असतो की घरून येतो, ब्लड बँक तिथेच आहे का, बाईसाठी आयसीयू आणि बाळासाठी एनआयसीयू एकाच बिल्डिंगमध्ये आहे का, एवढं विचारा. बाळ लवकर काढावं लागलं तर ते पोटात असतानाच योग्य जागी पोचलेलं बरं, जन्मल्यावर अँब्युलन्समधून नेणं वेगळंच.

बेलापूर_रोड: खर्चाचं काय पण? प्रायव्हेट एनआयसीयूचं दिवसाचं बिल बघून माणूस आडवा होतो.

सिस्टर_कळवा: म्हणून तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, मुंबईत सायन, केईएम. गर्दी आहे, वॉर्डात नातेवाईकाला धड बसायला जागा नाही, पण मेडिकल कॉलेजला सगळ्या विभागांचे डॉक्टर असतात. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची फुकट तपासणी असते तीपण करून घ्या.

घणसोलीकर: थँक्यू ताई. आणि मध्येच ब्लीडिंग झालं तर?

सिस्टर_कळवा: थोडं असलं, दुखत नसलं तरी वाट बघायची नाही, १०८ लावा आणि थेट जिथे नाव घातलंय तिथेच जा. फाईल आणि ब्लड ग्रुपचा कागद आत्तापासून पिशवीत. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडला काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की शेवटचे आठवडे ॲडमिट ठेवणार का.

घणसोलीकर: सासूबाईंना हे वाचून दाखवलं. उद्या डॉपलरची अपॉइंटमेंट घेतोय.