मदत हवी आहे: पेटंट अर्जावर 'हे सहज सुचण्यासारखं आहे' असा आक्षेप आलाय

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ आमचं गुऱ्हाळ आहे, वडिलांच्या काळापासूनचं. काहिलीत (रस आटवायची मोठी कढई) आणि चुलवणात (तिच्याखालची भट्टी) मी एक बदल केला आणि त्याचा पेटंट अर्ज मुंबई कार्यालयात भरला. आता पहिला परीक्षण अहवाल आलाय. आक्षेप पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)चा आहे: इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं.

काहिलीच्या बुडाला पट्ट्या जोडल्या की आच जास्त लागते आणि चिपाड (रस काढल्यावर उरलेला ऊस, आमचं जळण) कमी जळतं, हे जुनंच आहे. त्यावर माझा दावा नाही. पण पट्ट्या सगळ्या बुडाला असल्या की आधण (एका वेळी आटवलेला रस) उतरायच्या वेळी पंचाईत होते. पाक ११८ अंशांच्या आसपास आला की घट्ट असतो. मधोमध तो बुडाला धरतो आणि गूळ काळपट पडतो. म्हणून मी मधला गोल मोकळा सोडला, पट्ट्या फक्त कडेने लावल्या आणि चुलवणात एक झडप बसवली. शेवटच्या काही मिनिटांत ती जाळ कडेकडे वळवते.

परीक्षकांनी दोन जुने दस्तऐवज दाखवलेत. एकात पूर्ण बुडाला पट्ट्या असलेली काहील आहे, दुसऱ्यात कारखान्याच्या बॉयलरमधली झडप. पुढे एकच वाक्य: दोन्ही एकत्र केले की अर्जदाराची रचना मिळते. का एकत्र करायचे, ते कुठेच नाही. मग हे सहज सुचणारं आहे हे त्यांनी सिद्ध करायचं, की नाही हे मी? आणि तो 'जाणकार' कोण? आमचा गुळव्या की बॉयलरचा इंजिनिअर? तीन वर्षं यात घातलीत, म्हणून कळकळीनं विचारतोय.

प्रतिसाद १

दादा, मी पेटंट एजंट आहे. आक्षेप का घेतला हे सांगणं कार्यालयाचंच काम आहे. अ‍ॅग्रीबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय: आधीचं ज्ञान काय, तुमचा शोध काय आणि पहिल्यावरून दुसरा जाणकाराला कसा सुचला असता, या तिन्हींची चर्चा हवी. तुमच्या अहवालात तिसरं दिसत नाही. उत्तराची सुरुवात तिथूनच करा.

पण तेवढ्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकाल तुमच्यासमोर येणारच. भांडी लेथवर धरायच्या साधनाचं ते पेटंट होतं आणि ते टिकलं नाही, कारण बदल निव्वळ कारागिरीतल्या सुधारणेपलीकडे जात नव्हता. तुमच्या काहिलीलाही हेच म्हणतील. म्हणून पहिला दस्तऐवज ओळ न् ओळ वाचा. पट्ट्या मध्यभागी हव्यातच असं त्यात असेल, तर तो वाचणारा तुमच्या उलट दिशेला जातो. असं वाक्य सापडलं तर ते सोन्यासारखं.

चाचण्यांचे आकडे शपथपत्रावर द्या. मात्र मूळ तपशिलात, म्हणजे अर्जासोबत दिलेल्या शोधाच्या वर्णनात, नसलेली रचना आता दाव्यात घुसडता येणार नाही, कलम ५९ आड येतं. आणि तारीख सांभाळा: उत्तराला अहवालाच्या तारखेपासून ६ महिने असतात, सुनावणी हवी तर विनंती मुदत संपायच्या किमान १० दिवस आधी जायला हवी.

जाणकार म्हणाल तर गूळ बनवण्याची साधनं तयार करणारा माणूस धरायला सांगा. बॉयलरचं साहित्य तो कशासाठी चाळेल, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

धागाकर्ता

ताई, फार आभार. रात्री बसून पहिला दस्तऐवज पुन्हा वाचला. त्यात लिहिलंय की आच मध्यभागी सर्वांत जास्त असते, म्हणून पट्ट्या तिथेच दाट ठेवाव्यात. मी नेमका तोच भाग मोकळा सोडलाय! आणि पाक करपतो हे माझ्या मूळ तपशिलात पहिल्याच पानावर आहे.

आता एकच अडचण. जुन्या आणि नव्या काहिलीच्या आधणांची वही आहे, पण तीत चिपाडाचे भारे मोजलेत, वजन नाही. या हंगामात वजनकाट्यावर पुन्हा मोजून दिलं तर चालेल का? उत्तराला अजून ४ महिने आहेत आणि गुऱ्हाळ पुढच्याच आठवड्यात पेटतंय.