स्टील कट ओट्स सकाळच्या घाईत कसे करायचे? पाणी, शिट्ट्या आणि उतू जाणं

सकाळची_घाई

दोघांच्या न्याहारीसाठी स्टील कट ओट्स आणलेत. पाव तास उकळले तरी दाताखाली कचकच लागतात. कुकरमध्ये थेट लावले तर शिट्टीबरोबर पांढरा चिकट फेस झाकणभर आणि ओट्याभर. सकाळी गॅससमोर उभं राहायला दहा-बारा मिनिटांच्या वर वेळ नाही.

तर पाणी किती, कुकरला नेमके कसे लावायचे, आणि रात्री भिजवून कच्चेच खाल्ले तर चालतात का? दूध-मध-केळं रोज नको, तिखटामिठाचं काही सुचवा. दोघांपैकी एकाला मधुमेह आहे.

रोवळी

चपट्या ओट्सचा हिशेब डोक्यातून काढून टाका. ते वाफवून रोलरखाली दाबलेले असतात, म्हणजे निम्मं काम कारखान्यातच झालेलं असतं. स्टील कट म्हणजे टरफल काढलेल्या अख्ख्या दाण्याचे पोलादी पात्यांनी केलेले दोन-तीन तुकडे. जाड लापशी रव्याचे चुलतभाऊच म्हणा. तुकडा जाड असल्यामुळे पाणी गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. कचकच लागते ती त्या न भिजलेल्या गाभ्याची. एक दाणा बोटांत चिरडून बघा. मधे खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे.

माप: १५० मिलीची आमटीची वाटी धरा. पाऊण वाटी ओट्स साधारण ८० ग्रॅम भरतात, दोघांना तेवढे पुरे. शिजून चांगले तिप्पट फुगतात, त्यामुळे 'एवढेसेच?' म्हणून वर मूठभर घालू नका.

आता कुकर. थेट लावूच नका, वरण-भातासारखे डब्यात लावा. पाऊण वाटी ओट्स, सव्वादोन वाट्या पाणी (म्हणजे तिप्पट), चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तूप. डबा निम्म्याच्या वर भरलेला नको. कुकरच्या तळाशी नेहमीइतकं पाणी, डब्यावर ताटली. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून १० मिनिटं, मग गॅस बंद. वाफ आपली आपण जिरू द्या, त्याला १०-१५ मिनिटं लागतात. त्या वेळात आंघोळ आटपते, तुम्हाला समोर उभं राहायला लागत नाही.

शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार मिनिटांतही होतात. घड्याळ बघा.

फेस का येतो तेही सांगते. ओट्समधला स्टार्च आणि बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू पाण्यात उतरला की पाणी पेजेसारखं दाट होतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडे फुटत नाहीत, चढत जातात आणि शिट्टीच्या भोकात शिरतात. तुपाने फेस मोडतो. घाईघाईने शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर आतला दाब एकदम उतरतो आणि सगळं उसळून वर येतं. तुमच्या ओट्यावर बहुधा तेच झालं असणार. शिवाय हा चिकटा शिट्टीत वाळून बसला तर पुढच्या वेळी वाट तुंबते, तेव्हा शिट्टी आणि तिची नळी आज गरम पाण्याने धुऊन, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना ते बघा.

मंद_आच

डब्याची रीत बरोबर. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर असेल तर हेच प्रमाण, मोठ्या दाबावर ४-५ मिनिटं, नंतर १५ मिनिटं हात लावायचा नाही. थेट भांड्यात लावणार असाल तर भांडं एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

पण चवीला पातेल्यातलेच उजवे, हे मी सोडणार नाही. एक चमचा तुपावर ओट्स मध्यम आचेवर ३-४ मिनिटं परता. रवा भाजताना येतो तसा खमंग वास सुटला की थांबा, रंग बदलायची वाट बघू नका. मग चौपट उकळतं पाणी घाला, एक उकळी येऊ द्या, आच बारीक करा आणि झाकण तिरपं ठेवा. २५ मिनिटं धरा. पहिली १५ मिनिटं ढवळायची गरज नाही. शेवटच्या दहांत मात्र दर दोन मिनिटांनी तळापासून हलवा, कारण दाटपणा तेव्हा येतो आणि बुडाला तेव्हाच लागतं.

सुरुवातीपासून दुधात शिजवू नका. दूध तळाला धरतं, करपट वास सगळ्या पातेल्याला लागतो आणि तो वेलचीने झाकला जात नाही. पाण्यात पूर्ण मऊ झाल्यावर कपभर दूध घालून पाच मिनिटं. गूळ घालायचा तर गॅस बंद करून, जरा निवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. आणि दाणा शिजायच्या आत गूळ घातला तर तो पाणी धरून ठेवतो, दाणा कडकच राहतो.

सकाळी २५ मिनिटं नाहीत हे कळलं. त्याला भिजवणं हाच उपाय. रात्री दुप्पट पाण्यात भिजवा, भांडं फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी त्याच पाण्यात वर तेवढंच आणखी घालून शिजवा. १०-१२ मिनिटांत होतात. नुसते भिजवून कच्चे खाल्ले तर अपाय नाही, पण चपट्यांसारखे मऊ होत नाहीत. भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखे चावावे लागतात.

रोवळी

एक पुस्ती. परदेशी पाककृतींत 'रात्री एक उकळी काढा, झाकून ओट्यावर ठेवा, सकाळी तयार' असं सर्रास असतं. त्यांच्या थंडीत ते खपत असेल. आपल्याकडे मे महिन्यात कोकणात किंवा मुंबईत करू नका. कोमट, ओलं, पिठूळ असं सात-आठ तास राहिलं की जंतूंना आयतं. शिळ्या भाताने पोट बिघडतं त्याच जातीचा प्रकार, आणि पुन्हा उकळल्याने प्रत्येक वेळी सुटका होत नाही. भिजत घालणं असो की शिजवून ठेवणं, फ्रीजमध्येच.

मेतकूट

तिखटामिठाचं माझ्याकडे.

सगळ्यात सोपं म्हणजे गुरगुट्या भातासारखं. डब्यात लावताना तिपटीऐवजी चौपट पाणी, बाहेर काढल्यावर पळीच्या पाठीने जरा घोटायचं, वर मेतकूट, मीठ, साजूक तूप. बाजूला पोह्याचा पापड किंवा लिंबाचं लोणचं. भाताची आठवण येते, पण भात समजून खाऊ नका. दाणा थोडा चिवट लागतो आणि मेतकुटाला ते शोभतं.

दहीभाताच्या धर्तीवरही छान होतात. डब्यातले ओट्स पूर्ण कोमट होऊ द्या. गरम असताना दही घातलं तर फुटतं, चोथापाणी होतं. पाऊण वाटी ओट्सला एक वाटी ताजं दही आणि अर्धी वाटी पाणी, कारण नंतर ते घट्ट होत जातात. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, थोडी उडदाची डाळ. वर किसलेली काकडी. मीठ खायच्या वेळी, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.

उपम्याला मात्र युक्ती लागते, आणि बहुतेकांचा उपमा इथेच खळ होतो. रात्री भिजवलेले ओट्स सकाळी चाळणीत काढा आणि वाहत्या पाण्याखाली बोटांनी हलवत धुवा. पहिलं पाणी बोटांना बुळबुळीत लागेल. ते बुळबुळीतपण जवळजवळ जाईपर्यंत धुवा, मग दहा मिनिटं निथळू द्या. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता, एक कांदा. त्यात मटार, गाजर, बारीक चिरलेली फरसबी. भाजी अर्धीकच्ची झाली की ओट्स घालून दोन मिनिटं परता. मग फक्त एक वाटी आधणाचं पाणी आणि मीठ, झाकण, बारीक आच, १०-१२ मिनिटं. झाकण उघडून ढवळायचं नाही. ढवळलं की दाण्याच्या कडा मोडतात आणि मोडल्या कडांतून चिकटा सुटतो. गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवा, मग उलथन्याच्या कडेने खालून वर सैल करा. लिंबू, खोबरं, कोथिंबीर वरून.

न भिजवता करायचा तर ओट्स कोरडेच पाचेक मिनिटं भाजा आणि दुप्पट पाणी घाला, पण मग २० मिनिटं लागतात.

मुगाच्या डाळीबरोबर खिचडीही होते. अर्धी वाटी ओट्स, पाव वाटी मूग डाळ, तीन वाट्या पाणी, बाकी डब्याची तीच रीत. सकाळी फोडणीचा उत्साह नसेल तर जिरं आणि तूप पुरे.

खमंग_पण_मोजून

मधुमेहाबद्दल. स्टील कटचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचा आकडा) साधारण पन्नाशीच्या आसपास, झटपट ओट्सचा सत्तर-ऐंशीच्या घरात. कारण वर आलंच आहे: तुकडा जाड, पाचायला वेळ. पण घोटून पेज केली की हा फायदा कमी होतो. तेव्हा मेतकूटताईंचा गुरगुट्या प्रकार मधुमेह्याच्या ताटलीत न घोटता वाढा.

माणशी ४० ग्रॅम कोरडे ओट्स म्हणजे सुमारे १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम तंतू. प्रथिनं एवढ्याने पुरत नाहीत, म्हणून मूग डाळ किंवा दही सोबत असलेलं बरं. त्यातलं बीटा-ग्लुकन दीड-पावणेदोन ग्रॅम. कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला ३ ग्रॅमचा जो आकडा सांगतात (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या वेष्टनावर तसा दावा करायला परवानगी दिली) तो एका न्याहारीत भरत नाही, निम्म्याच्या जरा वर जातो. मध, खजूर, मनुका घालून 'साखर नाही' म्हणणं ही स्वतःची फसवणूक. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर न्याहारी बदलल्यावर चार-पाच दिवस खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा.

तंतूची सवय नसलेल्याला पहिल्या आठवड्यात पोट फुगतं. निम्म्या मापाने सुरू करा. आणि घरात कुणाला ग्लुटेन वर्ज्य असेल तर साधी पिशवी चालणार नाही. शेतात, गिरणीत गहू-सातू मिसळतातच, ग्लुटेनमुक्त लिहिलेलीच घ्यावी लागते.

सकाळची_घाई

शिट्टीची नळी खरंच अर्धी तुंबली होती, धुतली. डब्यात लावून बघितले, फेस डब्यातच राहिला आणि दाण्यात ठिपका नाही. दोन प्रश्न उरले. आठवड्याचे एकदम शिजवून ठेवले तर? आणि गॅसशिवाय काही सोय आहे का, प्रवासात वगैरे?

मंद_आच

आठवड्याचे नको, चार दिवसांचे ठेवा. शिजल्यावर पातेल्यातच गार करत बसू नका. मधला गोळा तासन् तास गरम राहतो. पसरट ताटात ओता, वाफ गेली की डब्यात भरून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी वडीसारखे कापता येतील इतके घट्ट होतात, ते बिघडणं नव्हे. लागेल तेवढाच तुकडा काढा, वाटीभर ओट्सला पाव वाटी गरम पाणी घालून पळीने मोडा, मग गरम करा. आधी पाणी आणि मग आच. उलट केलंत तर गुठळ्या तशाच राहतात.

प्रवासाला रुंद तोंडाचा अर्ध्या लिटरचा थर्मास. त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा. तोवर पातेल्यात पाऊण वाटी ओट्स तीन वाट्या पाण्यात चार मिनिटं खळखळ उकळा. थर्मासमधलं पाणी ओतून हे भरा, जवळजवळ गळ्यापर्यंत येतं. अर्धा रिकामा ठेवला तर लवकर निवतो. ५-६ तासांत शिजतात. उघडल्यावर चमचा जिभेला पोळेल इतकं गरम हवं. नुसतं कोमट लागलं तर खाऊ नका, तो थर्मास या कामाचा नाही.

रोवळी

आणि पिशवी फोडलेली असेल तर उरलेले ओट्स घट्ट झाकणाच्या डब्यात, पावसाळ्यात फ्रीजमध्येच. ओटच्या दाण्यात तांदळापेक्षा पुष्कळ जास्त स्निग्धांश असतो, दमट हवेत तो खवट होतो. शिजवायच्या आधी डब्यात नाक घालून बघा. जुन्या तेलाचा वास आला तर भाजूनही जात नाही, तोंडात कडवटपणा राहतो.